एका नंबरावर पाच फोन

नागपुरात फ्लॅट-प्लॉटचे सौदे करणाऱ्या एजंटाच्या मोबाइलवर दिवसातून कधीही एक ओळ येऊन पडते. नाव, दहा आकडी नंबर आणि पुढे ‘बेसा-बेलतरोडी, २ बीएचके, बजेट ३० ते ४० लाख’. धंद्यात हिला ‘लीड’ म्हणतात. ओळ आली की हातातला चहा खाली ठेवून आधी फोन लावायचा असतो, कारण तोच नंबर त्याच मिनिटाला मनीषनगर, मानेवाडा, धरमपेठ अशा ठिकाणच्या आणखी तीन-चार जणांकडेही गेलेला असू शकतो. पहिल्याचा फोन लागला तर पलीकडचा माणूस निदान ऐकून घेतो. तिसऱ्याला तो सांगतो, “मी तं फक्त रेट पाहत होतो जी.” पाचव्याचा फोन उचललाच जात नाही. पैसे मात्र पाचही जणांनी आधीच भरलेले असतात.

पंचवीस वर्षांपूर्वी या धंद्याचं भांडवल म्हणजे ओळख, एक वही आणि वर्तमानपत्रातली छोटी जाहिरात. कोणाचं घर विकायचं आहे, कोणाच्या मुलाला पुण्यात नोकरी लागली, कोणत्या भावांमध्ये वाटणी झाली, हे दलालाला पानठेल्यावर कळायचं. मग ‘नाइन्टीनाइन एकर्स’ २००५ मध्ये आलं, ‘मॅजिकब्रिक्स’ त्याच्या पुढच्या वर्षी. ‘हाउसिंग’ २०१२ मध्ये सुरू झालं आणि ‘नोब्रोकर’ २०१४ मध्ये, तेही दलालाशिवाय घर मिळवून देण्याची हाक देत. ‘जस्टडायल’ आणि ‘सुलेखा’ होतेच. २०१५ मध्ये फेसबुकने जाहिरातीतच फॉर्म भरून घेण्याची सोय काढली आणि लीड मिळवून देणाऱ्या लहानमोठ्या डिजिटल एजन्सींना धुमारे फुटले. नागपुरात याच काळात मिहान उभं राहत होतं, २०१९ मध्ये मेट्रो धावू लागली, २०२२च्या डिसेंबरात समृद्धी महामार्गाचा शिर्डीपर्यंतचा टप्पा खुला झाला. वर्धा रोड, हिंगणा, उमरेड रोड, कोराडी रोड अशा चहू बाजूंनी ले-आउट पडत गेले. बाहेरगावचा, परदेशातला नागपूरकर घरबसल्या प्लॉट शोधू लागला. पानठेल्यावरची खबर त्याच्यापर्यंत पोचत नव्हती, पोर्टल पोचत होतं. एजंट पोर्टलकडे वळले ते काही भुलून नव्हे, गिऱ्हाईक तिकडे गेलं म्हणून.

मग पॅकेज आलं. ठरावीक मुदत, ठरावीक जाहिराती किंवा ठरावीक लीड, वरच्या जागेसाठी वेगळे पैसे, आणि सगळं आगाऊ. त्यावर १८ टक्के जीएसटी. ज्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत आहे आणि म्हणून ज्याने जीएसटी नोंदणी केलेली नाही, त्या लहान एजंटाला हा कर कुठेही वळता करून घेता येत नाही. तो खर्चातच जातो.

हिशेब समजण्यासाठी काही आकडे धरून पाहू. सहा महिन्यांचं पॅकेज २४,००० रुपयांचं, त्यावर ४,३२० रुपये कर, म्हणजे २८,३२०. त्यात १२० लीड आल्या तर एक लीड पडली २३६ रुपयांना. त्यातले निम्मे नंबर बंद, चुकीचे किंवा न उचलणारे निघाले, वीस जण नीट बोलले, चौघे साइट पाहायला आले आणि एकाने ३५ लाखांचा फ्लॅट घेतला. एक टक्का दलाली म्हणजे ३५,०००. हातात उरले ६,६८०, त्यातून पेट्रोल आणि सहा महिन्यांचा फोन. फ्लॅट दुसऱ्या डीलरकडचा असेल आणि दलाली अर्धी-अर्धी वाटावी लागली, तर १७,५०० येतात आणि एजंट १०,८२० रुपयांनी खड्ड्यात जातो. सौदा होऊनही.

शिवाय पॅकेज धावतं कॅलेंडरवर. पितृपक्षात बयाणा द्यायला बहुतेक घरं तयार नसतात. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर गेला की भर दुपारी जामठ्याच्या उघड्या ले-आउटवर कोणी बायकापोरांना घेऊन येत नाही. दसरा, धनत्रयोदशी, गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया या दिवसांभोवती खरा धंदा होतो. पॅकेजची मुदत मात्र पितृपक्षालाही थांबत नाही आणि उन्हाळ्यालाही.

इतके नंबर वाया का जातात, याचं उत्तर बरंचसं फॉर्ममध्येच आहे. समाजमाध्यमांवरच्या जाहिरातीला बोट लागलं की नाव आणि फोन नंबर आधीच भरलेला फॉर्म उघडतो. आणखी एक बोट लावलं की तो गेला. रात्री अकराला गादीवर पडून सुंदर बाल्कनीचं चित्र पाहणारा माणूस सकाळी विसरलेला असतो की आपण काही भरलं होतं. म्हणून एजंटाला सर्रास ऐकू येणारं वाक्य म्हणजे, “मी असा फॉर्म भरलाच नाही.” तो खोटं बोलत नसतो. फॉर्ममध्ये एक जादा पायरी घालून माहिती तपासून घेण्याची सोय जाहिरातदाराला असते, पण तशी पायरी घातली की लीडची संख्या घटते, आणि ज्याला संख्येवर पैसे मिळतात तो ती पायरी कशाला घालेल? उरलेल्यांत भाव काढणारे दुसरे एजंट असतात, स्वतःचं घर विकायला काढण्याआधी शेजारच्या घराची किंमत चाचपणारे मालक असतात, कर्ज विकणारेही असतात.

नागपूरच्या बाबतीत आणखी एक पेच आहे आणि तो फारसा कोणी बोलून दाखवत नाही. मुंबईचा ग्राहक कार्पेट एरिया विचारतो. नागपूरचा जाणता ग्राहक प्लॉटबद्दल पहिला प्रश्न करतो तो कागदाचा: आरएल आहे का? एनएटीपी, म्हणजे अकृषक आणि नगररचना मंजुरीचा, आहे का? शहराभोवती शेतजमिनीवर मंजुरीविना पडलेल्या ले-आउटांचा प्रश्न इथे दशकांचा आहे. ते नियमित करण्यासाठी गुंठेवारी कायदा २००१ मध्ये आला आणि ‘५७२’ व ‘१९००’ हे ले-आउटांचे आकडे इथल्या बोलीतच शिरले. नियमितीकरणाचं पत्र म्हणजे आरएल नागपूर सुधार प्रन्यासकडून मिळालं आहे, की नुसता डिमांड भरून ठेवला आहे, यावर प्लॉटची किंमत, कर्ज आणि घरातल्या म्हाताऱ्यांची झोप अवलंबून असते. शहराबाहेरच्या पट्ट्यात एनएमआरडीए हे महानगर प्राधिकरण आहे, तिथली मंजुरी वेगळी पाहावी लागते. पोर्टलच्या फॉर्ममध्ये ‘बजेट’, ‘एरिया’, ‘बेडरूम’ हे रकाने आहेत. ‘आरएलशिवायचा चालेल का?’ हा रकाना नाही. एजंट फोन करतो, दहा मिनिटं बोलतो आणि मग कळतं की या माणसाला एनएटीपीच हवा आहे आणि त्याचं बजेट निम्मंही पुरत नाही. एका प्रश्नाने जी गाळणी झाली असती ती एजंटाच्या दुपारवर पडते.

आणि फोन करण्याची किंमत वेगळीच. आवडीनिवडीच्या नोंदीत, म्हणजे १९०९ या क्रमांकाच्या डीएनडी व्यवस्थेत, स्थावर मालमत्ता हा स्वतंत्र प्रकार आहे. ग्राहक तो बंद करू शकतो. २०२४च्या ऑगस्टमध्ये दूरसंचार नियामक ‘ट्राय’ने नोंदणी नसलेल्या व्यावसायिक फोन करणाऱ्यांच्या लाइनी तोडण्याचे आणि त्यांना दोन वर्षांपर्यंत काळ्या यादीत टाकण्याचे आदेश दिले. पोर्टलच्या बारीक अक्षरांतल्या अटींमध्ये ग्राहकाने संमती दिलेली असते, पण ती त्याच्या लक्षात नसते. पाच फोनांनी वैतागलेला माणूस सहाव्याला ट्रूकॉलरवर ‘स्पॅम’ म्हणून नोंदवतो. अशा नोंदी वाढल्या की एजंटाचा नंबर लाल रंगात दिसू लागतो, नव्या लोकांना आणि जुन्यांनाही. ज्या काकांना दहा वर्षांपूर्वी प्रतापनगरात घर मिळवून दिलं, त्यांच्या मुलाच्या फोनवरही तो लालच वाजतो. पॅकेज परत मागता येईल, नावाला लागलेला हा डाग पुसायला कोणाकडे जायचं?

याच काळात कायद्याने एजंटाकडून पुष्कळ मागितलं, आणि ते योग्यच होतं. स्थावर मालमत्तेच्या नियमनाचा रेरा कायदा २०१६चा, राज्यात तो राबवणारी महारेरा २०१७ पासून, नागपुरातही तिचं कार्यालय. एजंटाची नोंदणी पाच वर्षांची, एकट्या व्यक्तीला शुल्क १०,००० रुपये. २०२३ मध्ये वीस तासांचं प्रशिक्षण आणि परीक्षा आली; २०२४च्या मे महिन्यात परीक्षेचं प्रमाणपत्र सादर न केलेल्या सुमारे २०,००० एजंटांची नोंदणी महारेराने स्थगित केली. प्रकल्पाच्या जाहिरातीवर क्यूआर कोड हवा, नोंदणी क्रमांक हवा. घर घेणाऱ्याचं यात भलंच झालं. पण ज्या लीडवर हा परीक्षा पास झालेला एजंट पैसे लावतो, ती किती ताजी, किती जणांना विकलेली, तिच्यामागे खरा माणूस आहे का, याबद्दल त्या कायद्यात काहीच नाही.

एजंटांनी एकत्र येऊन दाद मागितलीच नाही असं नाही. २०१६ मध्ये दलालांच्या एका अखिल भारतीय महासंघाने आघाडीच्या पोर्टलविरुद्ध भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली होती. तिचा रोख ‘दलालीशिवाय’ या घोषणेवर आणि तोटा सोसून धंदा बळकावण्यावर होता. बाजारात अनेक पोर्टलं आहेत, कोणा एकाचं वर्चस्व दिसत नाही, असं म्हणून आयोगाने ते प्रकरण प्राथमिक टप्प्यावरच बंद केलं. लीडच्या दर्जाचा प्रश्न तिथे ऐरणीवर आलाच नाही.

अमेरिकेत तो आला, घरदुरुस्ती करणाऱ्या कारागिरांच्या निमित्ताने. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२२ मध्ये ‘होमअॅडव्हायझर’ या कंपनीवर ठपका ठेवला की, काम करून घ्यायला तयार असलेले ग्राहक म्हणून ती कारागिरांना जे नंबर विकते, त्यातल्या अनेकांना तसं काम करून घ्यायचंच नसतं. २०२३ मध्ये कंपनीला ७२ लाख डॉलरपर्यंत रक्कम भरावी लागली आणि ती कारागिरांना परत देण्यासाठी होती. ब्रिटनची गोष्ट निराळी. तिथल्या ‘राइटमूव्ह’ची सुरुवात २००० साली मोठ्या एजंट कंपन्यांनीच केली होती. २०२० मध्ये कोविडच्या साथीत शुल्क फक्त पुढे ढकलण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा एजंटांनी ‘राइटमूव्हला नाही म्हणा’ अशी मोहीम उघडली आणि कंपनीने काही महिन्यांसाठी शुल्कात ७५ टक्के सूट दिली. त्याआधी, २०१५ मध्ये, एजंटांनी ‘ऑनदमार्केट’ नावाचं स्वतःचं पोर्टलही काढलं होतं; सदस्याने त्याखेरीज आणखी एकाच पोर्टलवर जाहिरात करायची, असा नियम घालून. ते टिकलं, पण राइटमूव्हला हलवू शकलं नाही आणि २०२३ मध्ये एका अमेरिकी कंपनीने ते विकत घेतलं.

पोर्टलवाल्यांचीही एक बाजू आहे आणि ती ऐकायला हवी. त्यांचं म्हणणं असतं की लीड वाईट नसते, एजंट उशिरा फोन करतो. यात तथ्य आहे. ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मध्ये २०११ साली छापलेल्या एका अभ्यासात अमेरिकी कंपन्यांकडे आलेल्या साडेबारा लाख लीड तपासल्या होत्या. तासाभरात फोन करणाऱ्यांना ग्राहकाशी अर्थपूर्ण बोलणं होण्याची शक्यता त्यानंतर फोन करणाऱ्यांच्या जवळपास सातपट होती. पण तासाभरात फोन करायला टेबलावर बसलेला माणूस लागतो. वर्धा रोडवरच्या मोठ्या बिल्डरकडे पगारी टेलिकॉलर असतात. एकटा एजंट त्या वेळी मोटारसायकलवर कोणाला तरी साइट दाखवायला निघालेला असतो. तो फोन लावायला थांबला तर समोरचं गिऱ्हाईक नाराज, न थांबला तर पैसे दिलेलं गिऱ्हाईक दुसऱ्याचं. त्याला आळशी म्हणणं अन्यायाचं आहे.

दाद मागायची वाटही अरुंद झाली आहे. १९८६च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्वयंरोजगारातून पोट भरणाऱ्याने घेतलेल्या वस्तू आणि सेवा, दोन्हींना ‘व्यापारी हेतू’तून वगळलेलं होतं. २०१९च्या कायद्यातल्या त्याच स्पष्टीकरणात फक्त वस्तू उरल्या, सेवा गळाली. पॅकेज ही सेवा. त्यात करारामध्ये वाद झाल्यास न्यायालय बहुधा दिल्ली, मुंबई किंवा बंगळूरूचं लिहिलेलं. वीस-पंचवीस हजारांसाठी नागपूरहून तिकडे कोण जाणार?

म्हणून शहाणे झालेले एजंट सही करण्याआधीच भांडू लागले आहेत, आणि तेच बरं. एक नंबर किती जणांना देणार, हे तोंडी नको, ई-मेलवर हवं. बंद किंवा चुकीचा नंबर निघाला तर किती दिवसांत बदलून मिळणार? नंबर ओटीपीने तपासलेला असतो का? मुदत आपोआप वाढून खात्यातून पैसे कापले जाणार नाहीत ना? विक्री प्रतिनिधीने फोनवर दिलेली आश्वासनं लेखी मागितली की त्यातली निम्मी तिथेच गळतात. कोणी वर्षाचं पॅकेज सोडून दसऱ्याआधीचे दोन महिनेच घेतं. कोणी जाहिरातीतच पहिली ओळ लिहितं, ‘आरएल प्लॉट, बँक कर्ज उपलब्ध’, म्हणजे ज्याला ते नको तो फोन करणार नाही. लीड कमी येतात, पण त्यात माणसं असतात.

आणि दुय्यम निबंधक कार्यालयात रजिस्ट्रीच्या दिवशी अंगठा आणि फोटो होऊन सगळे बाहेर आले की एजंट अजूनही तिथेच थांबतो. साक्षीदार म्हणून आलेला मेहुणा हळूच विचारतो, “भाऊ, दिघोरीकडे काही आहे का आमच्याजोगतं?” तो नंबर खिशातल्या डायरीत पेनाने लिहिला जातो, आणि संध्याकाळी त्याला एकच फोन जातो.