ब्रोकन हिल : खाणींचे शहर आणि दूरच्या नदीचे पाणी

ऑस्ट्रेलियातील सिडनीचे घड्याळ भारताच्या साडेचार तास पुढे असते. मात्र सिडनी ज्या न्यू साउथ वेल्स राज्याची राजधानी आहे, त्याच राज्यातील ब्रोकन हिल या शहराचे घड्याळ भारताच्या नेमके चार तास पुढे असते. उन्हाळ्यात दोन्हीकडची घड्याळे एक तासाने पुढे सरकवली जातात, तरी त्यांच्यातील अर्ध्या तासाचा फरक कायम राहतो. त्याचे कारण अंतरात आहे. राज्याच्या पश्चिम टोकावरील हे शहर सिडनीपासून रस्त्याने सुमारे ११५० किलोमीटर, तर शेजारच्या दक्षिण ऑस्ट्रेलियाची राजधानी ॲडलेड येथून सुमारे ५०० किलोमीटरवर आहे. ॲडलेडच्या दिशेने जाणारा लोहमार्ग येथे १८८८ मध्ये आला. सिडनीशी थेट रेल्वेने जोडले जाण्यासाठी १९२७ साल उजाडावे लागले. त्यामुळे शहराचा व्यवहार आणि वेळही ॲडलेडच्याच राहिल्या.

ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागातील विरळ वस्तीच्या, कोरड्या प्रदेशाला ‘आउटबॅक’ म्हणतात. ब्रोकन हिल येथे वर्षाला सरासरी २५० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि उन्हाळ्यात तापमान ४० अंशांच्या वर जाते. अशा ठिकाणी शहर वसले ते जमिनीखालच्या धातूंमुळे. ते टिकून आहे ते मात्र बाहेरून येणाऱ्या पाण्यामुळे.

टेकडी गेली, शहर राहिले

मेंढ्यांच्या विस्तीर्ण कुरणाच्या कुंपणांवर देखरेख करणाऱ्या चार्ल्स रॅस्प याने १८८३ मध्ये येथील खडबडीत टेकडीवर दावा नोंदवला. त्याला तेथे कथील असावे असे वाटले होते. प्रत्यक्षात तो चांदी, शिसे आणि जस्ताचा जगातील सर्वांत समृद्ध साठ्यांपैकी एक निघाला. १८८५ मध्ये स्थापन झालेली ब्रोकन हिल प्रोप्रायटरी ही कंपनी म्हणजेच आजची बीएचपी. तिने १९३९ मध्ये येथील खाण सोडली. इतरांचे खाणकाम मात्र आजही पूर्णपणे थांबलेले नाही.

मूळ टेकडी खाणकामात नाहीशी झाली आहे. शहराच्या मधोमध दिसणारा उंचवटा खाणीतून निघालेल्या दगडमातीचा आहे. त्याच्या माथ्यावरील स्मारकात खाणींत प्राण गमावलेल्या ८०० हून अधिक कामगारांची नावे आहेत. अर्जेंट, ऑक्साइड, सल्फाइड, क्लोराइड अशी येथील रस्त्यांची नावे. एके काळी ३० हजारांहून अधिक असलेली लोकसंख्या आता साडेसतरा हजारांच्या घरात आहे. २०१५ मध्ये संपूर्ण शहराला राष्ट्रीय वारशाचा दर्जा मिळाला. हा मान मिळवणारे हे ऑस्ट्रेलियातील पहिले शहर. दुसरा वारसा शिशाच्या धुळीचा आहे. तिच्यामुळे लहान मुलांच्या रक्तातील शिशाची तपासणी येथे आजही केली जाते.

कराचीहून आलेले उंट

रेल्वे आणि मोटारी पोहोचण्यापूर्वी या भागातील मालवाहतूक मुख्यत्वे बैल आणि उंटांवर चाले. १८६० मध्ये बर्क आणि विल्स यांच्या मोहिमेसाठी २४ उंट कराचीहून मेलबर्नला आणले गेले. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होते. या मोहिमेचा तळ काही काळ ब्रोकन हिलच्या आग्नेयेस सुमारे ११० किलोमीटरवरील मेनिंडी येथे पडला होता. पुढील दशकांत बलुचिस्तान, सिंध, पंजाब, वायव्य सरहद्द आणि अफगाणिस्तान येथून अनेक उंटवाले आले. त्या सर्वांना सरसकट ‘अफगाण’ म्हटले गेले. त्यांच्या तळावर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उभारलेली पत्र्याची छोटी मशीद आज संग्रहालय म्हणून जतन केली आहे.

पाण्याचा प्रश्न

प्रारंभीच्या काळात शहराला टंचाईच्या वेळी रेल्वेने पाणी आणावे लागे. १९५० च्या दशकात डार्लिंग नदीकाठच्या मेनिंडी तलावांतून जलवाहिनी आली. नदीला बारकिंजी हे आदिवासी ‘बाका’ म्हणतात. त्यांच्या नावाचा अर्थच ‘नदीचे लोक’ असा आहे. २०१५ मध्ये या प्रदेशातील मोठ्या भूभागावरील त्यांचे पारंपरिक हक्क न्यायालयाने मान्य केले.

मात्र वरच्या खोऱ्यात कापसासारख्या पिकांसाठी होणारा उपसा आणि दीर्घ दुष्काळ यांमुळे तलाव कोरडे पडू लागले. २०१८ च्या डिसेंबरपासून २०१९ च्या जानेवारीपर्यंत मेनिंडीजवळ लाखो मासे मेले. मार्च २०२३ मध्ये पूर ओसरल्यानंतर, उष्ण हवामानात पाण्यातील प्राणवायू घटून त्याहून मोठी मत्स्यहानी झाली.

दरम्यान, २०१९ पासून ब्रोकन हिलला मरे नदीकाठच्या वेंटवर्थ येथून २७० किलोमीटर लांबीच्या जलवाहिनीने पाणी मिळते. शहराची चिंता त्यामुळे मिटली, मेनिंडीची वाढली. शहराची गरज होती तोवर तलावांत पाणी राखणे सरकारला भाग होते. आता ते बंधन सैल झाले, अशी नदीकाठच्या रहिवाशांची तक्रार आहे.

लांबवरून येणाऱ्या एकाच सोयीवर विसंबण्याचा धोका ऑक्टोबर २०२४ मध्ये वेगळ्या रीतीने समोर आला. वादळाने वीजवाहिनीचे मनोरे कोसळले आणि हजारो नागरिकांना अनेक दिवस खंडित वीजपुरवठ्याला तोंड द्यावे लागले.

भेट देताना

सिडनी ते पर्थ धावणारी ‘इंडियन पॅसिफिक’ गाडी येथे थांबते. एप्रिल ते सप्टेंबर हा भेटीचा सुसह्य काळ. वायव्येस २५ किलोमीटरवरील सिल्व्हरटन हे जवळजवळ ओस पडलेले गाव, शहराबाहेरील टेकडीवरील वालुकाश्माची शिल्पे आणि सुमारे १३० किलोमीटरवरील मुटाविन्जी येथील प्राचीन शैलचित्रे पाहण्याजोगी आहेत. मुटाविन्जीची मालकी १९९८ मध्ये आदिवासींना परत देण्यात आली. तेथील मुख्य स्थळी मार्गदर्शकासोबतच प्रवेश मिळतो.

दूरच्या वस्त्यांना वैद्यकीय मदत देणाऱ्या ‘रॉयल फ्लाइंग डॉक्टर’ सेवेचा तळही येथे आहे. १९२८ मध्ये क्वीन्सलँडमधील क्लॉन्करी येथून सुरू झालेल्या या सेवेची विमाने आजही रुग्णांपर्यंत पोहोचतात. तरीही मोटारीने जाणाऱ्यांनी पुरेसे पिण्याचे पाणी आणि इंधन बरोबर ठेवावे, कांगारू रस्त्यावर येत असल्याने सायंकाळनंतर वाहन चालवणे टाळावे आणि गाडी बंद पडल्यास ती सोडून चालत निघू नये. शोधपथकाला माणसापेक्षा गाडी लवकर दिसते.

ज्यांच्याकडे एक दिवस अधिक असेल त्यांनी मेनिंडीपर्यंत जावे. शहरातील नळाला येणारे पाणी पूर्वी कोठून येत होते आणि ते आता का येत नाही, हे त्या तलावांच्या काठी उभे राहिल्यावर उमगते.