बँकेचा समभाग किती हलतो, आणि का?

बँकेत ठेवलेला पैसा सुरक्षित, म्हणून बँकेचा समभागही सुरक्षित, असा समज मध्यमवर्गीय गुंतवणूकदारांमध्ये खोलवर रुजलेला आहे. निवृत्तीनंतर हाती आलेल्या रकमेचा काही भाग ‘ओळखीच्या’ बँकेच्या समभागांत घालणारे म्हणूनच अनेक असतात. १० मार्च २०२५ रोजी इंडसइंड बँकेने आपल्या डेरिव्हेटिव्ह व्यवहारांच्या हिशेबात तफावत आढळल्याचे जाहीर केले. तिचा फटका नक्त मूल्याच्या सुमारे २.३५ टक्के इतका असेल, असा बँकेचाच अंदाज होता. दुसऱ्या दिवशी मात्र समभाग एका सत्रात सुमारे २७ टक्क्यांनी कोसळला. तफावत अडीच टक्क्यांच्या आतली आणि घसरण सत्तावीस टक्क्यांची, हे कोडे उलगडण्यासाठी भावातील अस्थिरता मोजतात कशी, हे आधी पाहावे लागते.

समजा, एका बँकेच्या समभागाचा बंद भाव शुक्रवारी ८०० रुपये होता. पुढील पाच दिवसांत तो अनुक्रमे ८१२, ८०४, ७९६, ८०८ आणि पुन्हा ८०० रुपये झाला. आठवड्याचा हिशेब केला तर भाव हललाच नाही. पण रोजचा बदल टक्क्यांत मांडला तर तो अधिक दीड, उणे एक, उणे एक, अधिक दीड आणि उणे एक असा येतो. या बदलांच्या सरासरीपासून प्रत्येक दिवस किती दूर गेला, त्याचे वर्ग करून त्यांची सरासरी घेतली आणि तिचे वर्गमूळ काढले, की प्रमाण विचलन मिळते. येथे ते सुमारे १.२ टक्के येते. वर्षात बाजार साधारण २५० दिवस चालतो. त्या संख्येच्या वर्गमुळाने, म्हणजे १५.८ ने गुणले, की वार्षिक अस्थिरता सुमारे १९ टक्के निघते. पाच दिवस केवळ उदाहरणापुरते. प्रत्यक्षात निदान काही महिन्यांचे भाव घ्यावे लागतात.

हे गणित संगणकावरील साध्या तक्त्यातही होते. मात्र त्यात एक खड्डा आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये एचडीएफसी बँकेने एकास एक बक्षीस समभाग दिले आणि भाव एका रात्रीत जवळजवळ निम्मा झाला. भागधारकाचे त्यात काहीच गेले नव्हते. पण जुने भाव दुरुस्त न करता ते तक्त्यात घातले, तर त्या एका दिवशी पन्नास टक्क्यांची घसरण दिसते आणि पुढचे सारे आकडे निरर्थक ठरतात.

दुसरा प्रश्न असा, की सहा महिन्यांपूर्वीच्या दिवसाला कालच्या दिवसाइतकेच वजन द्यावे काय? ‘सेबी’ने नेमलेल्या प्रा. जयंत वर्मा समितीने १९९८ मध्ये निर्देशांकाच्या वायदे व्यवहारांसाठी निराळी पद्धत सुचवली होती. तीत ताज्या बदलाला अधिक वजन मिळते आणि जुन्या दिवसांचे वजन रोज थोडे थोडे घटत जाते. बाजार शांत असताना या पद्धतीने मोजलेली अस्थिरता हळूहळू उतरते, आणि धक्का बसताच झटकन चढते. दलालाने मागितलेली मार्जिनची रक्कम अचानक वाढते, तिच्यामागे बहुधा अशीच मोजणी असते.

आता इंडसइंडकडे वळू. समभागाचे दैनंदिन विचलन दोन टक्के धरले, तर २७ टक्क्यांची घसरण त्याच्या तेरा पटींहून अधिक ठरते. पाठ्यपुस्तकातील घंटेच्या आकाराच्या आलेखानुसार असा दिवस विश्वाच्या आयुष्यातही उगवू नये. तो उगवला, याचा अर्थ आलेख चुकीचा. बँकांच्या बाबतीत तो विशेष चुकतो, कारण बँकेचा धंदा दुसऱ्यांच्या पैशावर चालतो. शंभर रुपयांच्या मालमत्तेमागे भागधारकांचे दहा रुपये असतील, तर त्या मालमत्तेपैकी दोन रुपये बुडताच त्यांचे वीस टक्के भांडवल नाहीसे होते. शिवाय बँकेची कर्जे बाहेरून तपासता येत नाहीत. गुंतवणूकदार ताळेबंदावर विश्वासून असतो. एक चूक उघड झाली की न दिसलेल्या चुकांचीही किंमत बाजार वसूल करतो. ११ मार्चला सुमारे १९ हजार कोटी रुपयांचे बाजारमूल्य गेले, ते मुख्यतः या शंकेपोटी.

घोटाळाच व्हावा लागतो, असेही नाही. १७ जानेवारी २०२४ रोजी एचडीएफसी बँकेचा समभाग सुमारे साडेआठ टक्क्यांनी घसरला. आदल्या दिवशी जाहीर झालेल्या निकालांत नफा वाढलेलाच होता. पण ठेवींची वाढ मंद होती आणि व्याजातील फरकाचे प्रमाण सुधारलेले नव्हते. त्या दिवशी सेन्सेक्सही सोळाशेहून अधिक अंशांनी खाली आला. समभाग निर्देशांकाच्या तुलनेत किती हलतो, हे ‘बीटा’ सांगतो. परंतु जी बँक स्वतःच निर्देशांकाचा मोठा भाग आहे, तिचा बीटा काही अंशी तिची तिच्याशीच केलेली तुलना असते. तो एकच्या आसपास दिसला म्हणून समभाग शांत आहे, असे मानणे धोक्याचे.

आणि या साऱ्या मोजमापामागे एक गृहीत दडलेले आहे: समभाग केव्हाही विकता येतो. ५ मार्च २०२० रोजी येस बँकेवर निर्बंध आले आणि दुसऱ्या दिवशी भाव निम्म्याहून अधिक घसरला. पुढच्या काही सत्रांत तो अनेक पटींनी उसळलाही. ठेवीदारांना पैसे काढण्यावर ५० हजार रुपयांची मर्यादा होती. ती त्याच महिन्यात उठली. शंभरहून अधिक समभाग असलेल्या जुन्या भागधारकांचे ७५ टक्के समभाग मात्र पुनर्रचना योजनेनुसार तीन वर्षांसाठी गोठवले गेले. मार्च २०२३ पर्यंत भाव रोज हलत राहिला, अस्थिरतेचे आकडेही निघत राहिले; त्या समभागांचा मालक ते केवळ पाहू शकत होता.