दोन गोळ्यांमधल्या तासांची नोंद

आष्टी किंवा समुद्रपूरकडचा कंपवाताचा रुग्ण पहाटे गोळी घेऊन एसटीने निघतो आणि सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात किंवा सावंगी (मेघे) इथे ओपीडीत नंबर लावतो. आत जाईपर्यंत गोळीचा असर चढलेला असेल किंवा उतरलेलाही. त्या काही मिनिटांत जे दिसेल त्यावर पुढची औषधे ठरवावी लागतात. मधले आठवडे कसे गेले, हे घरचे आठवेल तसे सांगतात. अंगावर घालायचे सेन्सर हीच उणीव भरून काढतात.

कंपवातात मेंदूतल्या डोपामिन तयार करणाऱ्या पेशी घटत जातात. हालचाल मंदावते, अंग ताठरते, अनेकांचा हात थरथरतो. लेव्होडोपाच्या गोळीचे मेंदूत डोपामिन होते, पण रक्तातले तिचे प्रमाण साधारण दीड तासात निम्म्यावर येते. सुरुवातीला उरलेल्या पेशी डोपामिन साठवतात, म्हणून चढउतार जाणवत नाही. पुढे ही साठवण संपत जाते आणि पुढच्या गोळीची वेळ होण्याआधीच शरीर अडते. डोस जास्त झाला, तर अंग आपोआप वळवळू लागते. त्यामुळे किती गोळ्या याइतकेच कोणत्या वेळी, हे महत्त्वाचे ठरते.

मनगटावरच्या पट्ट्यात अ‍ॅक्सेलरोमीटर नावाची चिप असते. तिच्यात सिलिकॉनचा अतिसूक्ष्म तुकडा लवचीक पात्यांवर टांगलेला असतो. एसटीने ब्रेक मारला की उभा प्रवासी पुढे झुकतो, तसा हात हलला की हा तुकडा सरकतो. त्या सरकण्याने विजेच्या मोजमापात होणारा फरक चिप टिपते, तोही सेकंदाला पन्नास किंवा त्याहून जास्त वेळा. जोडीला असलेला जायरोस्कोप हात किती वेगाने वळला ते सांगतो.

हाती येते ती आकड्यांची रास. तिचा अर्थ लावायला सॉफ्टवेअर हालचालींची लय पाहते. कंपवाताची थरथर हात विसावलेला असताना दिसते आणि सेकंदाला साधारण चार ते सहा वेळा होते. हालचालींचा जोर आणि वेग सतत कमी दिसला, तर तो मंदपणा. चालताना पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात, तेव्हा पोटरीवरच्या सेन्सरमध्ये पावलांची संथ लय जाऊन जलद थरथर उमटते.

मेलबर्नमध्ये विकसित झालेले ‘पर्सनल कायनेटिग्राफ’ हे यातले एक प्रस्थापित उपकरण. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्याला २०१४ मध्ये मान्यता दिली. जास्त त्रास असलेल्या हातावर ते काही दिवस सलग बांधतात. गोळीच्या वेळी ते थरथरून आठवण करून देते आणि गोळी घेतल्याची खूण नोंदवून घेते. मग दर दोन मिनिटांची हालचाल आणि गोळ्यांच्या वेळा एकाच आलेखावर येतात. दुपारची गोळी रोज लागू पडत नसेल, तर डॉक्टर जेवणाबद्दल विचारू शकतात, कारण वरण, दूध, अंडी यांतली प्रथिने काही जणांत लेव्होडोपाच्या शोषणात आडवी येतात.

या पट्ट्याने निदान होत नाही. ते डॉक्टरांनी तपासूनच करायचे. खडबडीत रस्त्यावरचे हादरे किंवा भाजी चिरणे यांमुळे नोंदीत गल्लत होऊ शकते. बद्धकोष्ठता, उदासी, झोपमोड यांतले बरेचसे मनगटावरून कळत नाही. पावले मोजणारे साधे घड्याळ या कामासाठी पडताळलेले नसते, म्हणून त्याच्या आकड्यांवरून औषध बदलू नये. लेव्होडोपा एकदम बंद करणे तर धोक्याचे आहे.

असा पट्टा अजून प्रत्येक घराच्या आवाक्यात नाही, पण त्यामागची पद्धत आजही वापरता येते. ओपीडीच्या तारखेआधी तीन-चार दिवस वहीत तासातासाचे रकाने पाडा. गोळी कधी घेतली, जेवण कधी झाले, हात-पाय कधी मोकळे होते, कधी अडले, कधी वळवळले, एवढे त्याच वेळी लिहा. रुग्णाला लिहिणे जमत नसेल, तर घरातल्या कोणीतरी लिहावे. ते पान फाइलसोबत डॉक्टरांसमोर ठेवले, की गोळीची वेळ ठरवायला त्यांच्या हाती भक्कम आधार येतो.