‘ग्रासियास’ म्हणजे हो कीं नाहीं?

मोताळा तालुक्यांतील धामणगांव बढे येथें आमच्या एका आप्ताकडे गेल्या वैशाखांत मुंज झाली. बटूचे काका मेक्सिकोंत नोकरीस असतात. त्यांजबरोबर तिकडचे एक स्नेही आले होते. पंक्तींत त्यांस मानाच्या पाटावर बसविलें. आत्याबाईंनीं जिलबीचें ताट पुढें करून खुणेनेंच ‘वाढूं का?’ म्हणून विचारलें. पाहुणे हंसून ‘ग्रासियास’ म्हणाले. ह्या शब्दाचा अर्थ ‘आभारी आहें’ हें काकांनीं घरांत सर्वांस आधींच पढविलें होतें. आभार मानतात त्या अर्थीं हवी असणार, म्हणून आत्याबाईंनीं दोन वाढल्या. पुनः तोच शब्द, पुनः दोन! अखेर चार जिलब्या पानांत तशाच राहिल्या, आणि सत्तरी उलटलेल्या आत्याबाई ‘माझ्या हातचें त्यांना रुचलें नाहीं’ असें मनाशीं घेऊन दिवसभर मुकाट बसल्या.

वस्तुतः दोष कोणाचाच नव्हता. स्पॅनिश भाषेंत कांहीं देऊं केलें असतां नुसतें ‘ग्रासियास’ म्हणणें हा बहुधा सौम्य नकार होय. हवें असल्यास ‘सी, पोर फावोर’, म्हणजे ‘होय, कृपा करून’, असें म्हणतात. आर्जेन्टिनांत ‘माते’ नांवाच्या पानांचें कढत पेय एकाच भांड्यांतून आळीपाळीनें पितात. तेथें पाहुण्यानें ‘ग्रासियास’ म्हटलें कीं यजमान समजतो, ह्यांचें पुरे झालें.

आमच्या मतें हे लोक शिष्टाचारांत आपल्या फार जवळचे आहेत. त्यांचा ‘उस्तेद’ हा आदरार्थी शब्द मूळ ‘आपली कृपा’ अशा अर्थाच्या संबोधनापासून आला, व त्यापुढें क्रियापद तृतीयपुरुषी येतें. आपल्या ‘महाराजांनीं बसावें’ सारखाच हा प्रकार. कोणी जेवीत असतां दुसरा आला, तर जेवणारा ‘गुस्ता?’ म्हणून विचारतो. येणारा ‘ग्रासियास, बुएन प्रोवेचो’ म्हणतो. आपल्या खेड्यांतील ‘या जेवायला’ आणि ‘चालूं द्या, सावकाश होऊं द्या’ ह्यांहून हें कोठें निराळें आहे? मेक्सिकोंतील जुन्या वळणाचा गृहस्थ तर स्वतःच्या घरालाच ‘सु कासा’, म्हणजे ‘आपलें घर’, म्हणतो. नवख्या परदेशीयास प्रश्न पडतो कीं, माझें घर ह्याला कोठून ठाऊक!

विदर्भास तो देश अगदींच परका नाहीं. वर्ध्याकडे जन्मलेले क्रांतिकारक पांडुरंग सदाशिव खानखोजे तेथें चापिंगोच्या कृषिविद्यालयांत अध्यापक होते, आणि संसारही त्यांनीं तेथेंच थाटला. दिएगो रिवेरा ह्या चित्रकाराच्या १९२८ मधील ‘एल पान नुएस्त्रो’ ह्या भित्तिचित्रांत मेजाशीं बसून सर्वांसाठीं भाकरी मोडणारा जो पुरुष आहे, तो खानखोज्यांवरून काढला असें सांगतात.

असो. रात्रीं काकांनीं सर्व उलगडा केला. पाहुणे ओशाळले, त्यांनीं ‘पुरे’ हा शब्द आणि पानावर हात आडवा धरण्याची रीत लागलीच उचलली. आत्याबाईही ‘आसी एस्ता बिएन’ म्हणजे ‘एवढें ठीक आहे’ हें घोकून बसल्या. निघतांना ‘जातों’ न म्हणतां ‘येतों’ म्हणावें, हें मुलांनीं पाहुण्यांस शिकविलें.

दुसऱ्या दिवशीं गाडींत बसतांना आत्याबाईंनीं जिलब्यांचा डबा पुढें केला. पाहुणे संवयीनें ‘ग्रासियास’ म्हणाले, आणि आत्याबाईंचा हात जागींच थांबला. त्यांनीं घाईघाईनें डबा धरला व म्हणाले, ‘सी, सी, पोर फावोर!’