ढिगाऱ्याकडे आधी कोण धावतं?

29 सप्टेंबर 1993 ला अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून लोक उशिरा झोपले आणि पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीजवळ जमीन हादरली. आमच्या बार्शीपासून किल्लारी सरळ रेषेत शंभरेक किलोमीटर. त्या पहाटे इथली घरंही थरथरली, पण उभी राहिली. लातूर-उस्मानाबादच्या सीमेवर मात्र गावंच्या गावं बसली. मृतांचा सरकारी आकडा साडेसात हजारांच्या पुढे गेला, 52 गावं नव्या जागी वसवावी लागली.

एवढी माणसं गेली याचं कारण डोक्यावरच्या छपरात होतं. मातीत रचलेल्या दगडांच्या दोन-अडीच फूट जाडीच्या भिंती, त्यावर लाकडी तुळया आणि त्यावर मातीचं जाडजूड माळवद. गळती थांबावी म्हणून त्यावर वर्षानुवर्षं आणखी माती चढत गेलेली. उन्हाळ्यात अशा घरासारखं गारव्याचं घर नाही. पण ते कोसळलं की माती प्रत्येक फट बुजवते, श्वासापुरतीही पोकळी सहसा उरत नाही. आत अडकलेल्या माणसाच्या हातात दिवस नसतात, मिनिटं असतात.

त्या मिनिटांत कोण पोचणार? लष्कर आलं, डॉक्टर आले, संस्था आल्या, आणि त्या सगळ्यांनी डोंगराएवढं काम केलं. पण उजाडायच्या आधीचे तास गावाचेच होते. ज्याचे हातपाय शाबूत, तो खोरं, टिकाव, नाहीतर नुसत्या हातांनी उकरायला लागला. हे काही मराठवाड्यापुरतं नाही. 1995 मध्ये जपानच्या कोबे शहरात मोठा भूकंप झाला. तिथे ढिगाऱ्यातून सोडवाव्या लागलेल्या सुमारे 35,000 लोकांपैकी जवळपास 27,000 जणांना घरच्यांनी आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांनी बाहेर काढलं, असा अंदाज आहे. जपानसारख्या तयारीच्या देशात ही गत!

नीट पाहिलं तर यात नवल नाही. शेजाऱ्याकडे एक असा नकाशा असतो जो कुठल्याही कचेरीत मिळत नाही. म्हातारी माजघरात निजते, लेकरं आईजवळ, थोरला परगावी गेलाय, हे त्याला ठाऊक असतं. कुठे उकरायचं हे सांगायला त्याला यंत्र लागत नाही.

तरीही आपल्या मनातलं चित्र वेगळंच असतं: संकट आलं की माणसं सैरावैरा पळतात, दुसऱ्याला तुडवतात, लुटालूट करतात. एन्रिको क्वारंटेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1963 मध्ये अमेरिकेत आपत्तींचा अभ्यास करणारं केंद्र काढलं. पूर, वादळं, स्फोट अशा कितीतरी ठिकाणांहून माहिती जमवल्यावर त्यांना दिसलं ते उलटं. बेभान पळापळ क्वचितच होते, बहुतेक माणसं आधी आपल्या माणसांना शोधतात आणि मग हाताला लागेल त्या कामाला भिडतात.

मग रस्त्यावर अपघात झाला की लोक बघत उभे राहतात, ते काय? त्याचाही प्रयोग झालाय. 1968 मध्ये डार्ली आणि लाताने या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना एकेका खोलीत बसवून यंत्रावरून बोलायला लावलं. मध्येच एकाला झटका आल्याचा आवाज ऐकवला. ऐकणारा आपण एकटेच आहोत असं समजत होता, तेव्हा झटका संपायच्या आत 85 टक्के लोक मदत मागायला उठले. आणखी चौघे ऐकताहेत असं वाटलं, तेव्हा फक्त 31 टक्के. तेव्हापासून गर्दी म्हणजे निष्ठुर, हा समज पक्का झाला.

आता जरा आकडेमोड करू. पाच जणांतला प्रत्येक जण खरोखरच तिथे असता आणि दुसऱ्याकडे न बघता प्रत्येकाची उठायची शक्यता 31 टक्के असती, तर कुणीच न उठण्याची शक्यता 0.69 चा पाच वेळा गुणाकार, म्हणजे सुमारे 16 टक्के. म्हणजे कुणीतरी उठण्याची शक्यता 84 टक्के, जवळजवळ एकट्या माणसाएवढीच! गर्दीतला एकेक जण कचरतो, पण गर्दीला मिळून मदत सुचते. 2019 मध्ये ॲमस्टरडॅम, लँकेस्टर आणि केप टाउन इथल्या रस्त्यांवरच्या कॅमेऱ्यांत टिपलेली 219 भांडणं संशोधकांनी तपासली. दहापैकी नऊ भांडणांत निदान एक तरी माणूस मध्ये पडला होता, आणि माणसं जितकी जास्त तितकी मदतीची शक्यताही जास्त होती.

कचरण्यामागे बहुतेकदा दुष्टपणा नसतो, गोंधळ असतो. खरंच संकट आहे का, मी काय करू, दुसरा कुणी करेल का? किल्लारीत यातला एकही प्रश्न उरला नव्हता. समोर ढिगारा होता, हातात खोरं होतं आणि आत कोण आहे ते माहीत होतं.

याचा अर्थ माणूस देव होतो असा नाही. दूरवरून पाठवलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग पडून राहिले. मनात माया होती, पण गरज काय ते ठाऊक नव्हतं. पुढे नवी गावं उभी राहिली तेव्हा 250, 450 की 750 चौरस फुटांचं घर मिळणार, हे ज्याच्या त्याच्या जमिनीवरून ठरलं. माळवदानं लहानथोर पाहिलं नव्हतं. पुनर्वसनात ते पुन्हा मोजलं गेलं.

पण गोष्ट तिथेही थांबत नाही. घरांच्या दुरुस्तीत लातूर-उस्मानाबादच्या गावांतल्या बायका बचतगटांतून पुढे आल्या. कोपऱ्यातले दगड कसे सांधायचे, सरकारी हप्ता कधी येतो, काम नीट झालंय का, हे त्या शिकल्या. 2001 मध्ये कच्छ हादरलं, तेव्हा त्यांच्यातल्या काही जणी तिथल्या बायकांना आपला अनुभव सांगायला गेल्या. त्यांची मराठी, यांची गुजराती, पण पडलेल्या घराची भाषा दोघींना येत होती.

‘जिथे बार्शी तिथे सरशी’ असं आपण अभिमानानं म्हणतो. संकटात सरशी व्हायची तर आधी गल्लीची माहिती हवी. पलीकडच्या घरात अंथरुणाला खिळलेलं कोण आहे, सिलिंडर कुठे ठेवलाय, विजेचा मेन स्विच कुठल्या भिंतीवर आहे. धावून जायची बुद्धी बहुतेकांना असतेच. कुणाकडे धावायचं, ते आधीच ठाऊक असावं लागतं.