ट्रॅक्टर व ट्रॉली यांमधील विजेची जोडणी

कृष्णा, कोयना व वारणा या नद्यांच्या काठीं गळीत हंगाम सुरू झाला, म्हणजे सातारा व सांगली या दोन्ही जिल्ह्यांतील रस्ते उसाच्या वाहनांनीं भरून जातात. तोड दिवसा होते. परंतु ट्रॉली भरून फडाबाहेर निघेपर्यंत पुष्कळदां दिवस मावळतो. कारखान्यांचें गाळप रात्रंदिवस चालत असल्यामुळें वाहतूकही रात्रभर चालते. अशा वेळीं ट्रॅक्टरचे पुढचे दिवे लखलखीत असतात, मागें मात्र अंधार असतो. ट्रॅक्टरचे स्वतःचे मागील दिवे भरलेल्या ट्रॉलीच्या आड जातात. म्हणून ट्रॉलीचे दिवे हेच त्या सबंध वाहनाचे मागील दिवे होत. ते बंद असले तर काय होतें, हें वाचकांस सांगावयास नको.

ताशीं ६० किलोमीटर वेगानें येणारा दुचाकीस्वार सेकंदास सुमारें १७ मीटर अंतर तोडतो. पुढील वस्तु दिसून ब्रेक दाबण्यास दीड सेकंद गेला तर २५ मीटर, व पुढें कोरड्या रस्त्यावर थांबण्यास आणखी २८ मीटर लागतात. म्हणजे ५० मीटरांहून अधिक अंतरावरून ट्रॉली दिसली तरच तो वांचतो. चिखलानें माखलेली बिनदिव्याची ट्रॉली त्याच्या मंद प्रकाशांत इतक्या दुरून दिसेल, असा भरंवसा कोणींही धरूं नये.

दिवा लागला नाहीं म्हणजे आपण बल्बास दोष देतों. परंतु दोष पुष्कळदां जोडणींत असतो. दोन तारा पिळून त्यांवर चिकटपट्टी गुंडाळावयाची, आणि परतीच्या वाटेस, म्हणजे अर्थसाठीं, ट्रॉली अडकविण्याची लोखंडी पिन पुरेशी मानावयाची, असा प्रकार अनेक ठिकाणीं दिसतो. वीज बॅटरींतून निघून दिव्यापर्यंत जाते, तशी ती परत यावीही लागते. पिनेवर गंज व ग्रीस असतें, ती भोकांत सैल हलत असते. त्यामुळें प्रत्येक खड्ड्यास ही परतीची वाट तुटते. याची खूण सोपी आहे. ब्रेक दाबतांच मागचे दिवे मंद होणें, किंवा एका बाजूचा इंडिकेटर लावला असतां सर्वच दिवे लुकलुकणें, हीं अर्थ बिघडल्याचीं लक्षणें होत.

यावर उपाय सात खिळ्यांचा प्लग व सॉकेट बसविणें हा होय. त्यांतील प्रत्येक खिळ्याचें काम ठरलेलें आहे: १ डावा इंडिकेटर, २ जादा दिवा, ३ अर्थ, ४ उजवा इंडिकेटर, ५ उजवा मागील दिवा, ६ ब्रेकचे दिवे, ७ डावा मागील दिवा. युरोपीय पद्धतींत यांच्या तारांचे रंग याच क्रमानें पिवळा, निळा, पांढरा, हिरवा, तपकिरी, तांबडा व काळा असे असतात. आपल्याकडे काळी तार बहुधां अर्थची समजली जाते, म्हणून रंगावर विसंबून घोटाळा होतो. कारागिरानें प्लगवर कोरलेले आंकडे पाहूनच तारा जोडाव्या. प्लग समोरून पाहिल्यास त्याचा क्रम सॉकेटच्या उलट दिसतो, हेंही ध्यानांत ठेवावें.

दुसरी गोष्ट तारेच्या जाडीची. १२ व्होल्टांवर २१ वॅटचा ब्रेकचा बल्ब पावणेदोन अँपिअर वीज घेतो. दोन बल्ब साडेतीन. दोन ट्रॉल्या असल्या, तर ट्रॅक्टरपासून शेवटच्या दिव्यापर्यंत सुमारें १५ मीटर, व जाऊन येऊन ३० मीटर तार होते. ती १ चौरस मिलिमीटरची तांब्याची असल्यास पावणेदोन व्होल्ट वाटेंतच खर्ची पडतात, आणि जुन्या तारेच्या बल्बाचा प्रकाश सुमारें दोन-पंचमांश घटतो. तीच तार २॥ चौरस मिलिमीटरची घेतल्यास तोटा पाऊण व्होल्टावर येतो. अर्थची तार तर जाडच घ्यावी, कारण सर्व दिव्यांची वीज तींतूनच परतते. पहिल्या ट्रॉलीच्या मागें दुसरें सॉकेट बसवून सातही तारा तेथवर न्याव्या, म्हणजे मागच्या ट्रॉलीस कांहीं कमी पडत नाहीं. वाटेंत योग्य फ्यूज असावा, म्हणजे तार घांसली गेल्यास आग लागण्याचें भय राहत नाहीं.

एल्‌ईडी दिवे फार थोडी वीज घेतात, म्हणून ते उत्तम. मात्र त्यांजवर जुना फ्लॅशर नीट चालत नाहीं. इंडिकेटर स्थिर राहतो किंवा अतिजलद लुकलुकतो. याकरितां फ्लॅशरही इलेक्ट्रॉनिक जातीचा बसवावा.

युरोपांत मोटारीमागें राहण्याची चाकांवरची खोली ओढून नेतात. तिला कॅरॅव्हॅन म्हणतात. तेथें पूर्वीं सात-सात खिळ्यांचे दोन प्लग लागत. पुढें त्यांच्या जागीं तेरा खिळ्यांचा एकच आला, कारण खोलींतील बॅटरी व शीतपेटी यांसही वीज द्यावी लागते. आपणांस इतक्याची गरज नाहीं. सात खिळे नीट जोडले व स्वच्छ राखले, तरी पुरे.

जोडतार वळणावर ताणली जाणार नाहीं इतकी सैल, परंतु जमिनीवर घासणार नाहीं इतकी आंखूड असावी. सॉकेटचें झांकण शाबूत ठेवावें. ट्रॉली सोडल्यावर प्लग चिखलांत पडूं नये, म्हणून ट्रॉलीच्या दांडीवर त्यास एक खोबण करावी.

दिव्यांबरोबर मागें तांबडे रिफ्लेक्टरही हवेत, कारण बिघडून उभ्या राहिलेल्या ट्रॉलीची बॅटरी संपली तरी ते उजळतात. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतही दिवे व रिफ्लेक्टर या दोहोंची तरतूद आहे. परंतु दंडाच्या भीतीनें हें करावें, असें आम्ही म्हणत नाहीं. मागून येणारा स्वार बहुधां आपल्याच पंचक्रोशींतला असतो.

आमची सभासद बंधूंस एवढीच विनंती, कीं फडांतून निघण्यापूर्वीं एकानें ट्रॅक्टरवर बसून मागील दिवे, ब्रेक, डावा व उजवा इंडिकेटर क्रमानें लावावे, व दुसऱ्यानें ट्रॉलीमागें उभें राहून पाहावें. यास दोन मिनिटेंही लागत नाहींत. ही जोडणी हंगामाच्या आरंभींच करून घ्यावी, व जो दिवा लागणार नाहीं तो लागेपर्यंत वाहन रस्त्यावर आणूं नये.