यातलं न्हाय

शनिवार. आटपाडीत आज शेळ्या-मेंढ्यांचा बाजार आहे आणि वस्तीसमोरच्या रस्त्यानं सकाळपासून बोकडांनी भरलेले टेम्पो चाललेत. मी एका घराच्या पडवीत बसले आहे. पलीकडे डाळिंबाची बाग, अलीकडे गोठा. समोर घोंगडीवर, भिंतीला टेकून, दोन्ही कुशींना उशा लावून 11 वर्षांचा मुलगा बसलाय. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे. उजवा हात मधूनच आपोआप वर उडतो, डावा कोपरात दुमडून ताठ झालेला. तोंडातून आवाज येतो, शब्द येत नाही. मी आल्यापासून तो माझ्या पिशवीकडे बघतोय, मग माझ्याकडे, मग परत पिशवीकडे. 'आत काय आणलंय?' असं तो विचारतोय, हे कळायला मला दहा मिनिटं लागतात.

बाई त्याच्यापुढं मांडी घालून बसतात. त्या विशेष शिक्षिका आहेत. रोज शाळेत येणं न जमणाऱ्या मुलांच्या घरी स्कूटीवरून जातात. पिशवीतून त्या पारदर्शक प्लॅस्टिकचा एक तक्ता काढतात. मधोमध चौकोनी खिडकी कापलेली, चार कोपऱ्यांत चिकटपट्टीनं लावलेले कागद. तक्ता त्या दोघांच्या मधे उभा धरतात. मुलगा ज्या कोपऱ्याकडे बघेल तो कोपरा बाईंना खिडकीतून, त्याच्या बुबुळांवरून कळतो. वीज नको, रेंज नको.

तीन कोपऱ्यांत फोटो आहेत: भाकरी, टीव्ही, आज्जी. चौथ्यात काळ्या पेनानं मारलेली नुसती फुली. "ती 'यातलं न्हाय'ची," बाई सांगतात. "ती नसली तर आपण जे दाखवू तेवढ्यातलंच त्याला मागावं लागतं."

आई मदतीला पुढं सरकते, त्याचं मनगट धरते आणि भाकरीकडे नेते.

"ताई, हात नको," बाई हळूच म्हणतात. आई चपापून हात मागं घेते.

हात धरून मुलांकडून अक्षरं टाइप करून घ्यायची एक पद्धत परदेशात 1990 च्या दशकात फार गाजली होती. पुढं तिच्या चाचण्या झाल्या. मुलाला एक चित्र दाखवलं आणि मदतनीसाला दुसरं, तर टाइप झालं ते मदतनीसानं पाहिलेल्या चित्राचं नाव. मदतनीस लबाड नव्हते. शब्द आपलेच आहेत याचा त्यांना स्वतःला पत्ता नव्हता. हे मी कधीतरी वाचलं होतं; या आईच्या हाताकडे बघताना ते नीट समजतंय. 11 वर्षं तिनं त्याची भूक ओळखलीय, तहान ओळखलीय, दुखणं ओळखलंय. तो हात मागं घेणं तिला किती जड जात असेल!

"बोल राजा. मॅडमना दाखवू या?" बाई विचारतात.

तो कुठंच बघत नाही. बाई थांबतात. मी मनात आकडे मोजते. पाच. दहा. चौदा. "आरं बघ की" म्हणायला आईचं तोंड उघडतं. बाई मान हलवून तिला थोपवतात. अठराव्या आकड्याला त्याचे डोळे फुलीवर जातात आणि तिथंच राहतात.

"यातलं न्हाय?"

डोळे वर, छताकडे. हा त्याचा 'व्हय'. 'न्हाय' म्हणायला तो डोळे घट्ट मिटतो.

"अभ्यास करायचाय?"

घट्ट मिटलेले डोळे.

"बाहेर जायचंय?"

छत.

"मग आज पाठ नाही," म्हणत बाई तक्ता खाली ठेवतात. हा पाठ बघायला मी पहाटे सांगलीहून निघालेय आणि तो होत नाही याचा मला मनापासून आनंद होतोय. न बोलणाऱ्या मुलाच्या वतीनं दिवसभर सगळे हो म्हणत असतात: जेवायला हो, झोपायला हो, पाहुण्यांपुढं बसायला हो. इथं त्याचं नाही मानलं गेलं.

आई त्याचे कपडे बदलते तोवर बाई फोनवर 'जेलो' उघडून दाखवतात. आयआयटी मुंबईच्या डिझाइन विभागात तयार झालेलं हे ॲप मोफत आहे, मराठीतही आहे. मधे चित्रं, कडेला आवडतं-नावडतं, हो-नाही, अजून-कमी अशी बटणं. दाबलं की फोन अख्खं वाक्य बोलतो. बाईंच्या दुसऱ्या गावच्या एका स्वमग्न मुलीला ते छान जमतंय. तिची बोटं तिचं ऐकतात. याची ऐकत नाहीत, म्हणून तक्ता. आज्जी दारात उभी राहून फोनचं बोलणं ऐकते. "ग्वाड बोलतंय," ती म्हणते, "पर आमच्यात आसं कोण बोलतंय?" बाई हसत नाहीत, हे त्यांना पटलेलं आहे. तक्त्यावरचा फोटो त्यांनी याच घरच्या परातीतल्या भाकरीचा काढलाय.

त्यांच्या पिशवीच्या कप्प्यात घड्या पडलेला एक कागद असतो. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016. त्यातल्या कलम 2 मधली 'संवाद' या शब्दाची व्याख्या. ब्रेल आहे, खुणा आहेत, मोठ्या अक्षरांतली छपाई आहे आणि संवादाच्या पूरक व पर्यायी पद्धतीही आहेत. म्हणजे हा तक्ता कायद्याच्या लेखी संवाद आहे. एका शाळेत या आईला विचारलं होतं, "बोलत नाही, तर त्याला समजतंय हे कशावरून धरायचं?" बाईंनी तिथं हा कागद वाचून दाखवला. आता तो आठवड्यातून दोन दिवस वर्गात बसतो. कोर्टसुद्धा इतकं अडून बसत नाही. बोलू न शकणाऱ्या साक्षीदारानं भर कोर्टात खुणांनी दिलेली साक्ष 1872 च्या पुरावा कायद्यानं तोंडी साक्षच धरली होती. 2023 च्या भारतीय साक्ष्य अधिनियमात, कलम 125 मध्ये, ती तरतूद कायम आहे.

बाहेर म्हणजे बाजार. तिथं धूळ, ओरडा, लेंड्यांचा वास. वडील त्याला टेम्पोतून छातीशी धरून उतरवतात, चाकाच्या खुर्चीत बसवून पट्टा लावतात. शेजारी जुन्या चालीचे दोन व्यापारी उपरण्याखाली एकमेकांची बोटं दाबून भाव करतायत. चेहऱ्यावर काही नाही, तोंडात शब्द नाही, आणि हजारांचा सौदा ठरतोय. कुणालाही त्यात नवल वाटत नाही. मी त्या उपरण्याकडे बघत राहते.

भज्यांच्या गाड्यावरचा माणूस आईला विचारतो, "ह्येला काय देऊ?"

"त्यालाच इचारा," आई म्हणते आणि तक्ता वर धरते. तिचा आवाज किंचित कापतोय. या कोपऱ्यांत आता भजी, चहा, पाणी. आणि फुली. गाडेवाला झारा हातात धरून वाकतो, पण तक्त्याकडे बघतो. बाई त्याला मुलाच्या तोंडाकडे बघायला सांगतात. मागं गिऱ्हाइकं खोळंबतात. एक जण "आवो, द्या की काय बी" म्हणतो. गाडेवाला मान न वळवता म्हणतो, "थांबा वाईच."

डोळे फुलीवर जातात. मग तक्ता सोडून लांब, मेंढरांच्या कळपापलीकडे.

"यातलं न्हाय," आई म्हणते. आता ती स्वतःच सावकाश विचारते. "माणूस?" मिटलेले डोळे. "जनावर?" वर. "शेळी?" मिटलेले. "मेंढी? कुत्रं?" दोन्हीला मिटलेले. आईचे पर्याय संपतात. ती त्याच्या नजरेच्या रेषेत खाली बसते, त्याच्या डोळ्यांच्या उंचीला, आणि तिकडे बघते. कळपामागं एका धनगराचं बुटकं घोडं उभं आहे, पाठीवर बिऱ्हाड लादलेलं.

"घोडं?"

डोळे वर जातात, आणि आवाज येतो. सकाळपासून ऐकलेल्या आवाजांपेक्षा मोठा. उजवा हात उडून तक्त्यावर आपटतो.

"बघायचंय जवळनं?"

मिटलेले डोळे.

आई बाईंकडे बघते, नवऱ्याकडे बघते. "बसायचंय?"

छत नाही इथं. डोळे वर जातात ते थेट आभाळाकडे.

"आगं बया," आई म्हणते. वडील डोक्यावरची टोपी काढून परत घालतात, दोन पावलं जातात, थांबतात, मग कळपाला वळसा घालून त्या धनगराकडे निघतात. बाई मांडीवर तक्ता घेऊन एका कोऱ्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहितायत: घोडं.